उन्हाचं पाणी

त्या राज्यात एकच तळं होतं आणि ते सर्वांचं होतं. उताराच्या तोंडाशी एका उभ्या दगडावर तसं कोरलेलंच होतं: या तळ्यावर कोणीही कोणाला अडवू नये. दगड जुना होता, अक्षरं खोल होती, आणि दर वर्षी पावसाळा सरला की दरबारातून कुणीतरी येऊन त्यांच्यातलं शेवाळ खरवडून जायचं. तळ्याच्या बाकी सगळ्या बाजूंना सरळसोट दरड होती. पाण्यापर्यंत पोचायला तेवढा एकच उतार होता.

राज्यात शेळ्यांचे दोन कळप होते, एक भुऱ्यांचा, म्हणजे पांढुरक्यांचा, आणि एक काळ्यांचा. भुऱ्या शेळ्या सकाळी पाण्यावर यायच्या, दिवस चढला की काठावरच्या जांभळीखाली रवंथ करत पडायच्या, आणि उन्हं उतरली की पुन्हा पाणी प्यायच्या. काळ्या शेळ्या भर दुपारी यायच्या. तोवर त्या उताराच्या वरच्या अंगाला, एका मोठ्या कातळामागे थांबून राहायच्या. जांभळीखाली सगळ्यांचे डोळे मिटले की एकेक करून खाली उतरायच्या, पाणी प्यायच्या आणि कुणाची झोप न मोडता परत जायच्या. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळेला काळ्या शेळ्या 'आपली वेळ' म्हणायच्या आणि त्या पाण्याला 'उन्हाचं पाणी'. करडू दोन महिन्यांचं झालं की त्याला पहिल्यांदा उन्हाचं पाणी पाजायचा सोहळा व्हायचा. डोकं तापू नये म्हणून आई त्याच्या कपाळाला ओला चिखल लावायची. तापल्या दगडांवरून पाय झरझर कसे उचलायचे ते दाखवायची. कातळामागे घशाला कितीही कोरड पडली तरी तोंडातून आवाज काढायचा नाही, हेही शिकवायची. जे करडू पहिल्याच दिवशी गप्प राहिलं, त्याचं कौतुक महिनाभर चालायचं.

आणि उन्हाळा आला की काळी करडं मरायची. दहात चार जायची. भुऱ्यांच्यात दहात एखादं. आधी उन्हाळी लागायची, म्हणजे लघवी तांबडी आणि थेंब थेंब, शिवाय जळजळ. मग पाय लटपटायचे. मग ते करडू कातळाच्या सावलीत आडवं व्हायचं आणि उठायचं नाही. मोठ्या शेळ्याही तशाच जायच्या, फक्त त्यांना जास्त उन्हाळे लागायचे.

हे इतकी वर्षं चाललं होतं की कुणाला त्यात काही विचारण्यासारखं वाटत नव्हतं. पण एका उन्हाळ्यात मेलेल्या करडांचा वास वाऱ्याबरोबर दरबारापर्यंत गेला आणि राजाने नाक दाबून कारण विचारलं. राजवैद्य एक वानर होता. त्याच्याकडे उत्तर तयारच होतं. काळ्या अंगात ऊन मुरतं, म्हणाला. रोग त्यांच्या कातडीत आहे, पिढीजात आहे, त्याला कोण काय करणार? तेव्हा चोखी नावाची एक साळुंकी दरबारात उठून बोलली. ती म्हणाली, रोग कातडीत नसेल, पाण्यात असेल. म्हणजे पाण्यापर्यंत जाण्यात असेल.

चोखीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. साळुंक्या शेळ्यांच्या पाठीवर बसून गोचिडी वेचतात, आणि गोचिडीला रंग कळत नाही. चोखी दोन्ही कळपांच्या पाठीवर बसत आलेली होती. राजाने हुकूम काढला. कारण अंगात सापडलं तर राजवैद्याने औषध द्यावं. कारण तळ्यावर सापडलं, तर काळ्या शेळ्यांना सकाळचं पाणी मिळेल अशी व्यवस्था दरबार स्वतः उताराला पहारा ठेवून करील. मात्र नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजून दाखवायचं. मोजणीवर देखरेख करायला एक मापनमंडळ नेमलं गेलं आणि करकोचा त्याचा प्रमुख झाला.

करकोचा वाईट नव्हता. तो वाईट असता तर चोखीचं काम सोपं झालं असतं. तो शांत होता, सभ्य होता, कुणाचं बोलणं मध्ये तोडत नसे, आणि काळ्या करडांबद्दल त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

खड्यांची पद्धत चोखीनेच सुचवली होती, हेही सांगायला हवं. उताराच्या वरच्या सपाटीवर दोन खळगे खणले गेले, भुऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी एक. प्रत्येक शेळीला एकच प्रश्न विचारायचा: तळ्यावर पाणी पिताना तुझ्या रंगामुळे तुला कुणी अडवलं का? जितक्या वेळा अडवलं, तितके खडे तोंडात धरून खळग्यात टाकायचे. मंडळाने प्रश्न वाचला आणि एकमताने मंजूर केला. चोखी त्या दिवशी खुशीत होती. इतका सरळ प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता, असं तिला वाटलं.

भुऱ्या शेळ्या रांग लावून आल्या. त्यांच्यातली थोरली चांदणी म्हणून होती, अंगावर एक डाग नाही, बोलणं मधाळ. तिने सात खडे टाकले. चोखी चकित झाली. "सात वेळा?"

"मोजून सात," चांदणी म्हणाली. "मागच्याच महिन्यातलं सांगते. दुपारी झोप लागेना म्हणून मी खाली गेले, तर माझ्या नेहमीच्या जागेवर एक काळी पाणी पीत होती. मी काही बोलले नाही हं. पण मला बाजूला उभं राहावं लागलंच ना? आणि एकदा त्यांच्यातल्या एका बोकडाने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला पाणी गोड लागेना."

जो खडा टाकेल त्याचं म्हणणं मानायचं, हा नियम होता. नियम चोखीचाच होता. तिने सातही खडे मानले. दिवस मावळेपर्यंत भुऱ्यांच्या खळग्यात दोनशे अकरा खडे झाले आणि वर टेकाड दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी काळ्या शेळ्या आल्या. पहिली होती काजळी. तिची दोन करडं मागच्या दोन उन्हाळ्यांत गेली होती. तिसरं, तिळी नावाची पाट, म्हणजे मादी करडू, तिच्या पायात घोटाळत होती. चोखीने काजळीपासूनच सुरुवात केली होती ती मुद्दामच. निदान इथे तरी खडे पडतील, असा तिचा हिशेब होता.

"अडवलं?" काजळी म्हणाली. "आमाला कोन अडवनार, बाई? मी जल्मात कुनाचा धक्का खाल्ला न्हाई."

"आठवून बघ, काजळे. एकदाही नाही?"

"न्हाई. आमी आपल्या येळंला जातो, आपल्या येळंला येतो. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"मग सकाळी का जात नाहीस?"

"सकाळी कशाला? सकाळ आपली येळ हाय व्हय?"

"पण ही वेळ ठरवली कुणी?"

काजळीने थोडा वेळ रवंथ केलं. "येळ कुनी ठरवती का, बाई? दुपार आपली दुपारी व्हती."

तिने खडा टाकला नाही. तिच्या मागच्या शेळीने टाकला नाही, तिच्या मागच्या शेळीनेही नाही. काही जणींना तर प्रश्नाचा रागच आला. आम्ही काय कुणाकडून हाकलून घेणाऱ्या वाटलो का, असं एक म्हातारी फणकाऱ्याने म्हणाली आणि मान ताठ करून निघून गेली. संध्याकाळी काळ्यांच्या खळग्यात तीन खडे होते. तीन तरण्या बोकडांनी ते टाकले होते. वसंतात एका सकाळी ते तिघं खाली जाऊन आले होते. तेव्हा काय झालं, असं चोखीने विचारल्यावर तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी एक म्हणाला, "त्यांनी नुस्तं पायलं." याहून जास्त त्यांना सांगता येईना.

मंडळाची बैठक झाली. करकोच्याने दोन्ही खळग्यांत मान घालून पाहिलं. त्याला हे जड जात होतं, हे दिसत होतं. मग तो म्हणाला की पाहणं म्हणजे अडवणं नव्हे, त्यामुळे ते तीन खडे बाजूला काढावे लागतील. ते काढले गेले. एका बाजूला दोनशे अकरा आणि दुसऱ्या बाजूला शून्य. मंडळातल्या एका सदस्याने लक्षात आणून दिलं की खडे टाकणाऱ्या त्या तीन बोकडांची प्रकृती काळ्या कळपात सर्वांत चांगली आहे. तेव्हा अडवलं जाणं तब्येतीला मानवतं, असाही निष्कर्ष निघू शकतो. तो चेष्टा करत नव्हता. त्याचं म्हणणं लिहून घेण्यात आलं.

"पण करडं मरताहेत," चोखी म्हणाली.

"चोखीताई, तुमच्या भावना आम्हाला कळतात," करकोचा म्हणाला. "मलाही झोप लागत नाही. पण मंडळाला भावनेवर चालता येत नाही. खड्यांवर चालावं लागतं."

चोखीला त्या दिवशी रडू आलं नाही, राग आला. मंडळाचा आला, त्या वानराचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. सकाळी ती भुऱ्यांच्या पाठीवर असायची आणि दुपारी काळ्यांच्या. सकाळी तळ्यावर तिने काळी शेळी कधी पाहिलीच नव्हती. जी शेळी उतारावर आलीच नाही तिला कोण अडवणार? इतकी साधी गोष्ट प्रश्न बनवताना तिच्या डोक्यात आली नव्हती. अडवणं मोजायला निघाले आणि जिथे अडवायची गरजच उरलेली नाही तिथे जाऊन बसले, असं ती स्वतःलाच म्हणाली आणि चोचीने पंखातलं एक पीस उपटून टाकलं.

तिने मंडळाकडे दुसरा प्रश्न मागितला: तू उन्हात पाणी प्यायला का येतेस? मंडळाला तो पसंत पडला नाही. असा प्रश्न शेळीच्या तोंडात उत्तर घालतो, एक जण म्हणाला. दुसऱ्याला वाटलं की चोखी अलीकडे काळ्या पाठींवरच जास्त बसते, तेव्हा तिची नजर एका बाजूला कलली असण्याची शक्यता आहे. तिसऱ्याचं म्हणणं, अर्ध्यावर माप बदललं की आधीचं मोजलेलं वाया जातं. करकोच्याने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मधला मार्ग काढला. प्रश्न विचारावा, मात्र 'रंगामुळे' आणि 'इतर काही कारणामुळे' अशी दोन्ही उत्तरं शेळीपुढे ठेवावीत. हे शब्द ठरायला नऊ दिवस लागले. तेवढ्यात कातळामागे पाच करडं गेली.

चव्वेचाळीस काळ्या शेळ्यांना नवा प्रश्न विचारला गेला. एकेचाळीस जणींनी एकच शब्द उच्चारला: सवय. एक म्हणाली, आई जायची म्हणून. दोघी काही बोलल्या नाहीत. मंडळाने 'सवय' हे 'इतर कारण' या सदरात घातलं आणि पुढे स्पष्टीकरणादाखल लिहिलं: स्वतःची आवड.

मग राजवैद्याची पाळी आली. त्याने नदीकाठची पांढरी माती आणवली आणि काळ्या शेळ्यांच्या अंगाला फासायचा हुकूम सोडला. पांढऱ्यावर ऊन कमी ठरतं, हे खरंच होतं. पहिल्या दिवशी कळपात हसूच पिकलं. पिठाच्या कोठीत पडल्यासारख्या दिसणाऱ्या आया पाहून करडं उड्या मारत होती. पण कातळामागचं थांबणं तेवढंच होतं, वाट तेवढीच तापलेली होती, आणि तहानेला मातीचा लेप समजत नाही. पंधरा दिवसांनी मोजलं तेव्हा दहात चारांऐवजी साडेतीन करडं मेलेली होती. राजवैद्याने दरबारात उडीच मारली. लेपाने गुण आला, म्हणजे रोग कातडीतच होता, हे आता सिद्ध झालं, तो म्हणाला. मंडळाने अहवाल बंद करायची तारीख ठरवली. ती दोनच दिवसांनंतरची होती.

त्याच सुमारास तिळीला उन्हाळी लागली.

चोखी काजळीच्या पाठीवर बसली होती तेव्हा तिने दगडावर पडलेले ते तांबडे थेंब पाहिले. काजळीनेही पाहिले होते. ती तिळीचं अंग चाटत होती. चोखी तिथून उडाली ती थेट सपाटीवर गेली. खळग्याजवळ कुणी नव्हतं. तिने एक खडा चोचीत उचलला. काळ्यांच्या खळग्याच्या कडेवर ती तशीच बसून राहिली. शंभर खडे टाकायला तिला फार तर दुपार लागली असती, आणि खडे कुणी टाकले हे खडे सांगत नाहीत. पहारा बसला असता. तिळी जगली असती. मग तिच्या मनात आलं की एकदा खोटा खडा पडला, की त्यानंतर पडणाऱ्या प्रत्येक खऱ्या खड्याकडे मंडळ बोट दाखवील. ती तिथे खूप वेळ बसली. शेवटी तिने खडा जिथून उचलला होता तिथेच ठेवला आणि आपण चांगलं केलं असं तिला मुळीच वाटलं नाही.

ती परत आली तेव्हा काजळीने मान वर केली. "बाई, तुजं मोजून झालं का?"

"नाही झालं."

"किती ऱ्हायलंय?"

चोखीने सपाटीवरच्या खळग्यांकडे मान वळवली.

"तिळी उद्याची दुपार काढंल असं काय मला दिसत न्हाई," काजळी म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "थोरलीचं पाय असंच लटपटत व्हतं. मला ठावं हाय."

"मग तिला सकाळी ने, काजळे! सकाळी, गार असताना. तुला कुणी अडवणार नाही. दगडावर लिहिलंय."

"ठावं हाय, बाई. कुनीच अडवत न्हाई." काजळीने शिंग दगडाला घासलं. "अडवलं असतं तर मी ढुशी तरी मारली असती. ढुशी मला बी येती. पर तितं ढुशी मारायची कुनाला?"

"तू गेली होतीस? सकाळी? कधी?"

"तिळीएवढी व्हते," काजळी म्हणाली आणि पुढे काही सांगेना. चोखीने दोनदा विचारलं. काजळी तिळीच्या अंगावरच्या मातीकडे बघत होती. लेप पोटाखाली निघाला होता आणि तिथून काळे केस दिसत होते. तिने तिथे नाक लावलं. मग म्हणाली, "ही माती किती हाय अजून?"

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच काजळीने तिळीला आडवं पाडून लेप द्यायला सुरुवात केली. स्वतःच्या वाटणीची मातीही तिने तिळीलाच लावली. कानाच्या आतून, खुरांच्या फटींतून, नाकपुड्यांच्या कडांपर्यंत तिने तिळी पांढरी केली. चोखी तेवढ्यात मंडळाकडे गेली होती. अहवाल बंद करण्याआधी एक सकाळ तळ्यावर येऊन प्रत्यक्ष पाहा, एवढंच तिने मागितलं. करकोच्याला यात गैर काही दिसलं नाही. किंबहुना त्याला ते आवडलं. तो दोन सदस्यांना घेऊन आला, काठापासून थोडा आत, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला आणि डोळे ताणून सगळीकडे बघू लागला.

उतार भुऱ्या शेळ्यांनी भरून गेला होता. पाणी गार होतं. माना खाली गेल्या होत्या आणि प्यायचा तो सारखा आवाज येत होता. तिळी एकटीच कातळामागून निघाली. पाय लटपटत होते, पण दोन महिन्यांची असताना शिकवलेलं ती विसरली नव्हती, तिने तोंडातून आवाज काढला नाही. ती पाण्याशी पोचली तेव्हा चांदणीने तिच्याकडे पाहिलं आणि जरा सरकून जागा केली.

"ये बाळ, इथे ये. इथे तळ दिसतो, बघ. किती गं दमलीस!"

तिळीने पाण्यात तोंड घातलं. ती अशी प्यायला लागली की तिच्या मानेची प्रत्येक शीर हलताना दिसत होती. चोखी जांभळीच्या फांदीवरून घोट मोजत होती. एक घोट, दोन, पाच, सहा. तिळी गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली. तिच्या तोंडाभोवती पाणी पांढरं व्हायला लागलं. पाय पांढरे होते ते खालून काळे झाले. तिने दम घ्यायला मान वर केली तेव्हा तिचं तोंड नाकपुड्यांपासून डोळ्यांपर्यंत काळं होतं.

चांदणीचं पिणं थांबलं. तिने मान वर केली. तिच्या पलीकडच्या शेळीने मान वर केली, तिच्या पलीकडच्या शेळीने केली, आणि प्यायचा तो आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद होत गेला. कुणी ओरडलं नाही. कुणी शिंग रोखलं नाही. चांदणी एक पाऊल मागे झाली, मग आणखी एक. तिचा आवाज मघाइतकाच मधाळ होता.

"बाळ, वेळ चुकली वाटतं तुझी?"

तिळीने मान हलवली. हो म्हणून. आणि ती वळली, पोट अर्धं भरलेलं असताना, आणि उतार चढायला लागली. चार पावलं गेली आणि बसली. उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. इतकं होऊनही ती बें म्हणाली नाही.

कातळामागून काजळी बाहेर आली. तिच्या अंगावर माती नव्हती. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती काळीभोर दिसत होती, आणि इतक्या वर्षांत त्या उतारावर त्या वेळेला कुणी तसं काही पाहिलं नव्हतं. ती तिळीपाशी आली. तिच्या पोटाखाली कपाळ घालून तिने तिला उभं केलं आणि खाली वळवलं. तिळी घाबरून आईकडे बघत होती. काजळीने तिला पुढे ढकललं. चोखीला फांदीवर बसवेना. ती उडाली आणि काजळीच्या पाठीवर जाऊन बसली.

दोघी पाण्यात शिरल्या. त्या जशा पुढे आल्या तशा भुऱ्या शेळ्या बाजूला झाल्या, कुणाला धक्का न लावता, कुणाकडे न बघता. काही जणींच्या तोंडातून पाणी गळत होतं, ते त्यांनी गिळलंही नाही. तिळीच्या पायांची उरलेली माती पाण्यात मिसळत होती आणि ते पांढरं पाणी पसरत होतं. ते जिथपर्यंत येई तिथून शेळ्या आणखी मागे हटत होत्या. बघता बघता अर्धं तळं मोकळं झालं आणि मधे दोघी राहिल्या. तिळीने तोंड खाली घातलं. काजळीने घातलं नाही. ती नुसती उभी होती, पाय रोवून, समोर बघत, लेकीचं पिऊन होईपर्यंत. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की किती शांत उभी आहे. पण चोखीच्या पायांखाली काजळीचं काळीज इतकं जोरात धडधडत होतं, की पडू नये म्हणून तिला नखं केसांत रुतवून धरावी लागली. इतकी वर्षं ती या पाठीवर बसत आली होती, पण असं धडधडताना तिने कधी अनुभवलं नव्हतं.

तिळी पोटभर प्याली. तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसायला लागलं तेव्हाच काजळीने स्वतः मान खाली केली.

"पाहिलंत?" चोखी ओरडली. तिचा आवाज फाटला. "आता तरी पाहिलंत ना?"

"पाहिलं," करकोचा म्हणाला. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, चोखीताई, आणि मला खरोखर समाधान वाटतं. धक्का नाही, शिंग नाही, एक वावगा शब्द नाही. तिला कुणीही अडवलेलं नाही. मी स्वतः इथे हजर आहे. लिहून घ्या."

हे सांगताना तो कोरड्या काठावर उभा होता, आणि त्याच्या पायांवरून पाणी अजून ओघळत होतं.